केयाचा दात

केयाचा पहिला दुधाचा दात चिमट्यात होता. पृथ्वीचं यान गुरुवारी सुटणार होतं. बाबांनी तिची बॅग अजून भरली नव्हती.

मंगळावरच्या या वस्तीत कॅल्शियम मिळत नसे. पाण्यात होतं ते त्याच्याच गटातलं, हाडांत त्याची जागा घेणारं स्ट्रॉन्शियम. ज्या मुलांच्या हाडांनी ते धरलं नाही, त्यांना परत पाठवत.

"पृथ्वीवर दात छपरावर टाकतात," केया म्हणाली.

"इथे ज्योतीत. नारिंगी झाली तर तू पृथ्वीवर. स्ट्रॉन्शियमची किरमिजी झाली तर बस इथेच बाबांचं डोकं खात," तपासनीस मालतीबाई म्हणाल्या.

ज्योत किरमिजी झाली. बाबा केयाला कवटाळून रडू लागले.

"मी राहतेय ना, मग रडता काय?"

मालतीबाईंनी स्वतःच्या कॅल्शियमच्या गोळ्यांची बाटली तिच्या खिशात सरकवली. "रोज एक खायची. कुणाला सांगायचं नाही."

चिमटा त्यांनी सकाळीच स्ट्रॉन्शियमच्या क्षारात बुडवून ठेवला होता.