पाठमोरा घोडेस्वार

दर सोमवारी सकाळी मोंटानातल्या त्या छोट्या गावात व्हर्नाच्या कॅफेत गुरं पाळणारे सगळे शेजारी जमले, की जवळच्याच कुरणांत चित्रित होणाऱ्या, आदल्या रात्री दाखवलेल्या काउबॉय मालिकेची सालटी निघायची. त्यात ऑर्व्हिल थोर्सरुडची जीभ सगळ्यांत तिखट.

"टोप्या बघितल्यात? जशा काही इस्त्री केलेल्या! वासरांना डाग देतात, पण एकाच्याही अंगावर शेणाचा शिंतोडा नाही. लिहिणाऱ्याला एक दिवस माझ्या गोठ्यात कोंडा!"

"अन् मागचा तो पाठमोरा म्हातारा?" डेल्मर खिदळला. "चक्क उजव्या बाजूने चढला घोड्यावर! आपली शेंबडी पोरंसुद्धा डावा पाय रिकिबीत घालून डावीकडून चढतात."

सगळे टेबल बडवून हसले. ऑर्व्हिलही हसला, जरा जास्तच मोठ्याने. "लॉस एंजेलिसहून आणलेलं भाडोत्री ध्यान असणार! असल्याला गाढवावरसुद्धा बसवू नये."

व्हर्ना कॉफी ओतायला त्याच्यापाशी आली आणि हळूच कानाशी वाकली.

 

"ऑर्व्हिल, ऑपरेशन झाल्यापासून तुझा डावा गुडघा अजून वाकत नाही ना रे?"