तळ्यावरची पहिली गाडी

तळं गोठलं की त्यावर पहिली गाडी घालणाऱ्याचं गावात वर्षभर नाव. यंदा मोडेस्टनं बेनुआशी पैजच मारलेली. पण उणे तीसच्या थंडीत डिझेल ट्रक सुरूच होईना. रात्रभर इंजिन कोमट ठेवणारा हीटर त्यानं बर्फात आडवं पडून बदलला, वायर बदलली, तरी सकाळी इंजिन दगड. शेवटी शहाणपण सुचून त्यानं हीटर लावायच्या भिंतीवरच्या सॉकेटला दिवा लावून पाहिला. पेटलाच नाही. तो तणतणत घरात आला. बायको चहात साखर घालत होती. चमच्याबरोबर साखरेच्या डब्यातून त्या सॉकेटचा फ्यूज वर आला. “हीटर बदललास, वायर बदललीस. आता बायको बदल.” “अगं, बेनुआ माझ्याआधी जाईल!” “गेल्या साली माझा भाऊ पहिला गेला. वसंतात ट्रक तेवढा सापडला. बर्फ दोन वीत जाड होऊ दे.” मोडेस्टनं फ्यूजवरची साखर चाटली, तो परत डब्यात टाकून झाकण घट्ट लावलं.