खालच्या पोत्याची गुंडाळी

पंढरी उकिडवा बसून ओल्या गोणपाटावरचे कोंब मोजत होता. शंभर दाणे, दहा-दहाच्या ओळी. शेवटच्या ओळीवरून बोट फिरवून त्यानं मान वर केली आणि एक्याण्णव म्हणून सांगितलं. कमलम्मांनी पदर सावरला, पण हसू काही त्यांना आवरेना.

मुरुडच्या या शेतकरी गटाचं सोयाबीनचं बियाणं न्यायला तो हदगावहून टेम्पो घेऊन आला होता. गावातल्या पंधरा घरांची पेरणी त्याच्यावर होती. गटाची रीत अशी, की दाणे सहा दिवस ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवायचे आणि कोंब मोजायचे ते घेणाऱ्यानं, स्वतःच्या बोटानं. अकरा वर्षं गटाच्या अध्यक्ष असलेल्या कमलम्मांना या रितीचा भारी अभिमान. मुरुडचं बी म्हटलं की माणसं पिशवीवरचं लेबलसुद्धा वाचत नाहीत, हे त्या पाहुण्यांना इतक्यांदा सांगत, की सुना चहाचं निमित्त करून उठत.

गटाचा कारभार त्यांचा मुलगा मृत्युंजय बघायचा. त्यानं हमालांना पोती टेम्पोत चढवायला सांगितली. कमलम्मांना मात्र काहीतरी चुकल्यासारखं वाटत होतं. गुंडाळ्या नेहमी दोन असत, एक थप्पीच्या वरच्या पोत्यातली आणि एक अगदी खालच्या. सोयाबीनचा दाणा नाजूक, वरच्या ओझ्यानं आतल्या आत मरतो. त्यांनी दुसरीचं विचारलं, तर पाणी मारायचं राहिलं, वाळून गेली, असं म्हणून मृत्युंजय टेम्पोकडे वळला.

कमलम्मा गोदामात गेल्या. गुडघ्यांपायी उन्हाळाभर त्या इकडे फिरकल्या नव्हत्या. थप्पीत सातच्या वर पोती नकोत, हा त्यांचाच नियम. मोजली तर बारा होती. पाण्याच्या पिंपामागं दुसरी गुंडाळी सापडली. ती हाताला गार लागली. चांगली ओली होती.

मृत्युंजय मागोमाग आला आणि आवाज खाली आणून म्हणाला, "अव्वा, जागा पुरत नव्हती. जरा दाट पेरतील. लोक आपलं नाव बघून घेतात, खालचं पोतं कोण बघायलंय?"

"नाव बघून घेतात, म्हणूनच," कमलम्मा म्हणाल्या.

त्यांना राग आला होता, पण रागापेक्षा लाज जास्त वाटत होती. अकरा वर्षांत एकाही शेतकऱ्यावर त्यांच्या बियाण्यापायी दुबार पेरणीची वेळ आली नव्हती. गुंडाळी घेऊन त्या बाहेर आल्या, पंढरीसमोर उलगडली आणि त्याला मोजायला सांगितलं.

चोपन्न भरले. पंढरीनं पुन्हा मोजले, तरी तेवढेच.

"थप्पी माझ्या लेकानं लावली, आन् मी बघितलं न्हाई," कमलम्मा हमालांनाही ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या. "वरचं कुठलं, खालचं कुठलं, आता कळायचं न्हाई. ह्यातलं एकबी पोतं आज मुरुडातून जायचं न्हाई."

मान ताठ ठेवून त्यांनी टेम्पोत चढवलेली पोती उतरवायला लावली. आपटू नका, हातानं ठेवा, म्हणून हमालांना दटावलंही. बी मेलेलं असलं म्हणून काय झालं! न सांगता मृत्युंजय पुढे झाला आणि त्यानंही एक पोतं खांद्यावर घेतलं. कमलम्मांनी ते पाहिलं.

पंढरीनं रिकाम्या टेम्पोकडे पाहिलं. पेरणी आठ-दहा दिवसांवर आली होती. मग त्यानं सीटखालून एक थैली काढली. तीत नमुन्यापुरतं आणलेलं, गावातल्या घरांचं ठेवणीतलं बी होतं. ते उगवेल की नाही याचा कुणालाच भरवसा नव्हता, म्हणून तर तो इथवर आला होता. थैली कमलम्मांच्या हातात देऊन त्यानं याचीही गुंडाळी लावायला सांगितली.

कमलम्मांनी सहा दिवसांनी मोजायला या म्हटलं. रीतच होती ती.

"मी कशाला येऊ, अक्का?" टेम्पोत चढता चढता पंढरी म्हणाला. "तुम्हीच मोजा. फोनवर आकडा सांगा."