रोल नंबर एकोणीस

"माझा नंबर आला की तूच ओ दे. आवाज जरा जाड काढ. नंबर रिकामा गेला तर नान्नांना सोसायचं नाही," पलंगावर पडल्या पडल्या हैमवतीने वडिलांच्या काळजीने बजावलं होतं.

लास्याने तिच्या हातावर हात ठेवून वचन दिलं. तेव्हापासून वरंगळच्या त्या कॉलेजात, पहिल्या वर्षाच्या विद्युत प्रयोगशाळेत, ती रोज दोनदा हजर होत होती.

सर रजिस्टरातून मान वर काढत नसत. उजव्या हातात पेन, डावा खिशात. चालू तारांपाशी एक हात खिशातच हवा, हा त्यांचा नियम हजेरीलाही सुटत नसे.

"अठरा."

"हजर, सार."

"एकोणीस."

'गोविंदा, माफ कर,' असं मनात म्हणून लास्याने घसा बसवला. "हजर, सार."

"बेडकी झालीस गं आज!" मागून नागमणी कुजबुजली. मग तिचाच आवाज उतरला. "उद्यापासून दारात अंगठ्याचं यंत्र. तिचा अंगठा कुठून आणायचा आपण?"



सर फळ्यावर दिव्यांची माळ काढत होते. "एकापुढे एक जोडलेल्या दिव्यांतला एक गेला, की..." खडू थांबला.

"सगळेच जातात, सार," वर्गाने वाक्य पुरं केलं.

तेवढ्यात याच आठवड्यात रुजू झालेल्या विभागप्रमुख भ्रमरांबा मॅडम आत आल्या. "किती हजर?"

"चाळीस," सर म्हणाले.

मॅडमनी डोकी मोजली. एकोणचाळीस.

लास्या उभी राहिली. "एकोणीसची ओ मी दिली, मॅडम."

"शाब्बास! मग परीक्षेलाही तिच्यासारखीच घरी बस!"

"बसेन. पण हे रजिस्टर बंद करू नका."

"वर तोंड करून बोलतेस? त्या एकोणीसच्या वडिलांना आजच कळवते."

"त्यांना माहीत आहे, मॅडम," सर हळूच म्हणाले.

मॅडम चडफडत गेल्या.

दुसऱ्या दिवशी सगळ्यांनी दारात अंगठे टेकवले. सर रजिस्टराशिवाय टेबलापाशी उभे राहिले; कुठून सुरुवात करावी तेच त्यांना सुचेना. लास्या उठली. कपाटातलं रजिस्टर काढून तिने त्यांच्यापुढे उघडून ठेवलं. खिशातला डावा हात काढून सरांनी तो पानावर टेकला. तिथे कार्यालयाने दसऱ्यानंतर लाल शाईने 'मयत' लिहून खोडलेल्या नावाखाली, सरांच्याच, तिच्या नान्नांच्या अक्षरात, पेन्सिलीने पुन्हा लिहिलेलं होतं: 'एकोणीस. आमची हैमा.'

लास्या जागेवर जाऊन बसली, आणि तिने घसा जाड करून ठेवला.