कंपनीची झाडं

"ही सगळी झाडं आमच्या कंपनीची," जनसंपर्क अधिकारी हात पसरून म्हणाला. "सहा वर्षांपूर्वी इथं नुसता मुरूम होता, मॅडम."

पिशवीतून टेप काढून तिने समोरच्या चिंचेच्या बुंध्याला गुंडाळली. सिमेंट कंपनीने आपल्या पर्यावरणाच्या अहवालात ही टेकडी मिरवली होती. तो दावा खरा की खोटा, हे ठरवायला प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थेने तिला पाठवलं होतं. शहर आपलंच आहे हे तिला ठाऊक होतं. टेकडीही आपलीच निघेल, हे नव्हतं.

"सहा वर्षांत बुंधा चांगलाच भरलाय," ती म्हणाली.

"जात निवडून लावली ना. शिवाय निगा."

निगा होती, हे तिलाही मान्य करावं लागलं. कुंपणाची तार ताणलेली होती, आळी ओली होती, पलीकडच्या दोन टेकड्यांच्या जागी आता नुसते खड्डे उरलेले, पण इथे फांदीही तुटलेली नव्हती. फाटकावर पहारेकरी आणि त्याच्या डोक्यावर हिरवी पाटी: 'आम्ही लावलं, आम्ही जगवलं.'

"आत कुणाला सोडत नाही आम्ही," अधिकारी सांगत होता. "शेळीसुद्धा नाही. एक म्हातारबुवा अधूनमधून येतात, तेवढ्यांना सोडायचं असं वरून सांगणं आहे."

"कोण ते?"

"असतील कुणी निसर्गप्रेमी. बसतात घटकाभर, जातात."

त्याला आपला चेहरा दिसू नये म्हणून ती पुढे चालू लागली. त्या म्हातारबुवांना ती बाबा म्हणायची.

बाबांचं बाजारात शिवणाचं दुकान होतं. आठवडाभर मशीनवर वाकून बसायचं आणि सुट्टीच्या दिवशी पाठ सरळ करायला या टेकडीवर यायचं. पुढे कुदळ घेऊन बाबा, मागे पाण्याचा डबा घेऊन ती. वर पोचेपर्यंत अर्धं पाणी तिच्या फ्रॉकवर सांडलेलं असायचं. "झाडांआधी तूच वाढायचीस या पाण्यावर," बाबा म्हणायचे. शिंप्याने सुई सोडून कुदळ धरली म्हणून बाजार हसायचा.

शेळ्या बुजाव्यात म्हणून बाबा प्रत्येक रोपाशेजारी काठी रोवून तिला चिंधी बांधत. कुणाच्या सदऱ्याची, कुणाच्या पडद्याची. लांबून वाटे, टेकडीने धुणं वाळत घातलंय. तिला झाडं त्या चिंध्यांवरूनच ओळखू येत. हा डॉक्टरांचा सदरा, त्या बँकेतल्या बाईंचा पडदा. आणि आत्ता मोजलेली चिंच म्हणजे हेडमास्तरांची पँट. खाली तिला दोन खोडं फुटली होती, कारण रोपटं असताना त्या चिंचेवर ती स्वतःच लहानपणी धपकन बसली होती. बाबा रागावले नव्हते. मोडलेला शेंडा त्यांनी नुसता हातात धरला होता, फाटलेलं कापड धरावं तसा.

"हसलात का मॅडम?"

"काही नाही. झाडांना नावं हवीत असं वाटलं."

"देऊ की. छान कल्पना आहे," तो म्हणाला आणि त्याने मोबाईलमध्ये टिपून ठेवलं.

ती घरी पोचली तेव्हा बाबा खिडकीपाशी मशीनवर बसले होते. दुकान कधीच विकलं होतं, मशीन तेवढं घरी आलं होतं.

"आलीस, टाचणी?" लहानपणी ती किडकिडीत होती म्हणून पडलेलं नाव. ती अंगाने भरली तरी बाबांनी ते बदललं नव्हतं.

तिने टेकडीवर गेल्याचं सांगितलं. बाबांनी आधी एवढंच विचारलं, "चिंच कशी आहे?"

"हेडमास्तर जाड झालेत."

दोघंही हसले. मग तिचं हसू विरलं.

"बाबा, तुमच्या झाडांवर त्यांनी स्वतःची पाटी ठोकलीय. त्या झाडांच्या जोरावर बाहेरदेशी सिमेंट विकतायत. आणि तुम्हालाच मेहेरबानी केल्यासारखं आत सोडतात."

"पहारेकरी भला माणूस आहे गं. पाणी विचारतो."

"उद्या मी स्पष्ट लिहिणार आहे. दावा खोटा. सगळा जुना बाजार साक्ष देईल."

बाबांनी मशीनवरचा पाय उचलला. "मग काय होईल?"

"प्रमाणपत्र जाईल. मोठी गिऱ्हाइकं सुटतील. पाटी उतरवावी लागेल."

"आणि टेकडी?"

"टेकडी राहील तिथंच. तुमचं नाव तरी मिळेल तिला."

"जमीन त्यांची आहे, टाचणी. रीतसर घेतलेली."

"जमीन घेता येते. तुमची इतक्या वर्षांची मेहनत कशी घेता येईल? तुम्हाला राग कसा येत नाही?"

त्यांनी सुईखालचं कापड सरळ केलं. तिला वाटलं, बाबा आता खरंच म्हातारे झाले. एके काळी काजाला एक टाका कमी पडला तर अख्खा सदरा उसवणारा माणूस.

"त्यांनी चोरलीत ती झाडं, बाबा."

"नाही गं," बाबा म्हणाले. "टेकडीच्या पोटात चुनखडी आहे. खाणीसाठी झाडांवर फुल्या मारून गेले होते ते. तेव्हा मोठ्या साहेबांकडे मीच गेलो आणि म्हटलं, ही झाडं तुम्हीच लावलीत, असं सगळ्या जगाला सांगा."