पार्टिशनचं माप

"माझीच जागा खाल्लीये, दुसरं काय!" थोरला कीबोर्डवर पुटपुटला, पण प्लायच्या पलीकडे नेमकं ऐकू जाईल इतक्या बेताने.

पलीकडे धाकटा मुकाट्याने पेन्सिलीला टोक काढत होता. दोघे भाऊ इमारतींचे नकाशे काढायचे. खोलीच्या मधोमध प्लायची भिंत, ती संपते तिथे दाराशी एकुलता एक कॉम्प्युटर. सकाळी थोरल्याचा, दुपारी धाकट्याचा. आतली डिस्कही तशीच वाटलेली. आज थोरल्याचा शाळेचा नकाशा सेव्ह होईना. जागाच नाही, म्हणे. "बाराच्या आत हा नकाशा पाठवला गेला नाही, तर मी वेगळं ऑफिस बघतो," असं तो आईला सांगून बसला होता. तेव्हापासून आई शिवण घेऊन इथेच बसली होती.

दुरुस्तीवाली आली. कपाळावरचा चष्मा खाली ओढून तिने बराच वेळ पाहिलं.

"गंमतच आहे. पार्टिशनचं माप चुकीचं दिसतंय."

"चुकेल कसं?" आई उठलीच. "मी स्वतः टेप धरली होती. दोन्हीकडे साडेसात फूट." कोणी काही म्हणायच्या आत शिवणाच्या डब्यातली टेप तिने भिंतीपासून प्लायपर्यंत ताणलीसुद्धा.

"आई, ते नाही," थोरला म्हणाला. "कॉम्प्युटरमधलं."

"त्यातही प्लाय घातलात?"

दुरुस्तीवाली हसली. थोरला हसला नाही.

"असं बघा, काकू. ह्यांचा भाग दोनशे जीबीचा दिसतोय, आणि तो भरलाय. पण बाहेरची नोंद सांगते, हा भाग तीनशेचा. म्हणजे मधली हद्द कोणीतरी सरकवलीये, पण आत ते कळवलेलंच नाही. आतला बिचारा जुनंच माप धरून बसलाय."

टेप आईच्या हातात तशीच लोंबत राहिली. "म्हणजे कोणी कोणाची जागा घेतली?"

"घेतली नाही हो, दिली. शेजारच्या भागातले शंभर इकडे आलेत. तिकडे आता शंभरच उरलेत."

पलीकडची पेन्सिल थांबली. थोरल्याने माउस उचलला, परत ठेवला. मग प्लायकडे बघत दुरुस्तीवालीला म्हणाला, "त्याला विचारा, हे कधी केलं."

तिने प्लायकडे पाहिलं. दोन हातांवर तर होता माणूस.

"दादाला सांगा, मागच्या महिन्यात," प्लायमागून आवाज आला. "शाळेचं काम मोठं होतं म्हणून."

"मग सांगायला काय झालं होतं, विचारा."

पलीकडे पेन्सिलीला पुन्हा टोक काढणं सुरू झालं. दुरुस्तीवालीला काही उमगेना. एकदा ह्याच्याकडे, एकदा प्लायकडे बघून तिने आपलं काम बरं म्हणत एक ओळ टाइप केली. स्क्रीनवरची लाल पट्टी आक्रसली, निळी झाली. नकाशा सेव्ह झाला. घड्याळात साडेअकरा.

"झालं," ती म्हणाली. "मशीन धडधाकट आहे. एवढंसं सांगायचं राहिलं होतं, बस्स."

आई टेप बोटाभोवती गुंडाळत होती; गुंडाळली, सुटली, पुन्हा गुंडाळली.

"सांगणार कोण, बाई," ती म्हणाली. "माझे दोघे सात महिने झाले एकमेकांशी बोलत नाहीत."