बारा कार्डं

"डावी," पाचवा माणूस म्हणाला आणि सगळे कात्रीमावशीच्या उत्तराची वाट पाहू लागले.

ती सहावी होती. शिवणकामाच्या कारखान्यात चाळीस वर्षं कापड कापता कापता तिला हे नाव पडलं होतं, आणि आता त्याच कापायच्या टेबलावरून तिला उठवायचा घाट चालला होता. "नजर गेली तुमची, सगळे म्हणतात," मालक म्हणाला होता. "ठीक आहे असं कुणाकडून तरी लिहून आणा. नाहीतर उद्यापासून घड्या घालायला बसा."

गेल्या दोन वर्षांत तिच्या हातून वीतभर कापडही वाया गेलं नव्हतं, पण ते कोण बघतो? डोळ्यांच्या डॉक्टरकडे जायला मात्र तिने साफ नकार दिला. तो वय विचारूनच निकाल लावणार, असं तिचं म्हणणं. मग कारखान्याच्या दारावर एक चिठ्ठी लागली. माणसं निर्णय कसा घेतात यावर संशोधन करणाऱ्या एका बाईंना रेघा ओळखायला माणसं हवी होती. सुनेने ती वाचून दाखवली आणि मावशीने लगेच लुगड्याचा पदर खोचला.

आल्यावर तिने खुर्ची आधी हाताने चाचपली, मगच बसली. कापड असो की लाकूड, हात लावल्याशिवाय तिला चैन पडत नसे.

काम साधं होतं. बाई कार्ड धरत, त्यावर दोन रेघा. लांब कोणती, डावी की उजवी, एवढंच सांगायचं. पहिल्या दोन कार्डांना पाचही जण जरा थांबले, घुटमळले, मग बोलले. मावशीने त्यांचीच री ओढली. तिसऱ्या कार्डाला मात्र बाईंचं वाक्य पुरतं संपायच्या आत उत्तरं आली. डावी, डावी, डावी, डावी, डावी.

"उजवी," मावशी म्हणाली.

कुणाची तरी खुर्ची करकरली.

"मावशी, नीट बघा हं," बाई म्हणाल्या.

"उजवी म्हटलं ना."

"म्हणजे आम्ही पाचही जण वेडे?" पहिला माणूस हसला.

"ते तुमचं तुम्ही ठरवा. माझं उत्तर लिहा."

तोंडाने ती असं म्हणाली खरी, पण मनातून ती घाबरली होती. कारखान्यातही असंच झालं होतं. पाच जणी एका सुरात हिची नजर गेली म्हणाल्या आणि ती गप्प बसली. ते गप्प बसणं तिला अजून सलत होतं. आज चुकली तर टेबल गेलं, पण मान खाली घालून गेलं असं कुणी म्हणायला नको.

"आजी, चष्मा आणायचा होता," पाचवा म्हणाला.

"आणला असता तर तुम्हालाच द्यावा लागला असता."

पुढच्या नऊ कार्डांत पाचदा तसंच घडलं. पाचही जण एकीकडे, ती एकटी दुसरीकडे. शेवटच्या कार्डाला तर पाचवा चिडून बोलला, तरी ती हटली नाही.

मग बाईंनी त्या पाचांना बाहेर पाठवलं.

"मावशी, ती आमचीच माणसं होती. मुद्दाम खोटं बोलायला बसवली होती. बहुतेक लोक पाच जणांपुढे कधी ना कधी नमतात, स्वतःच्या डोळ्यांवरचा विश्वास सोडतात. तुमची बाराच्या बारा उत्तरं बरोबर आली. भीती नाही वाटली?"

"वाटली. पण गिऱ्हाईक कमरेचं खोटं माप सांगतं तेव्हा किती घाईने बोलतं, ते चाळीस वर्षं ऐकतेय मी." मावशीने हात पुढे केला. "बारा उत्तरं बरोबर, एवढं लिहून द्या. खाली सही आणि शिक्का."

बाईंनी कौतुकाने लिहून दिलं. सून दारातच उभी होती. तिने कागद घेऊन दोनदा मोठ्याने वाचला. आता मालकाची काय बिशाद, असं ती म्हणाली.

"रेघांत फरक तरी केवढा होता हो?" तिने विचारलं.

"मला काय ठाऊक? कार्डावर रेघा होत्या हेसुद्धा बाई म्हणाल्या म्हणून खरं मानायचं," मावशी म्हणाली आणि तिने सुनेचा दंड धरला. "चल. पायरी आली की सांग."